नंबर कशाला हवाय, एवढं तरी विचारा

कुठल्याही कट्ट्यावर प्रायव्हसीचा विषय निघाला की गाडी दोन मिनिटांत झुकरबर्गवर जाते. फोन आपलं बोलणं ऐकतो, काल घरात गिझरवरून भांडण झालं आणि आज गिझरची जाहिरात आली, आपण कुठे जातो ते गूगलला सगळं कळतं, वगैरे वगैरे. मग कोणीतरी म्हणतंच, अहो आपण साधी माणसं, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? आणि विषय तिथेच संपतो. मला या चर्चेचा आता कंटाळा आलाय, कारण तिच्यात सगळी भीती लांबच्या माणसाची. अमेरिकेतल्या सर्व्हरवर आपलं काय काय साठलंय त्याची काळजी जरूर करा, पण त्या सर्व्हरला माझ्या सासूबाई माहीत नाहीत, घरमालक माहीत नाही, आणि मी कुठल्या डॉक्टरकडे जाते हे त्याला कळलं तरी तो ते खालच्या मजल्यावरच्या काकूंना सांगायला येणार नाही, त्याला मला गिझर विकायचाय एवढंच. आपल्याला अडचणीत आणू शकते ती माहिती बहुतेक वेळा जवळच असते, सोसायटीच्या गेटवर, झेरॉक्सच्या दुकानात, बिलिंग काउंटरवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, आणि ती कोणी हॅक करून नेलेली नसते, आपणच मागितल्याबरोबर काढून दिलेली असते.

झेरॉक्सचंच घ्या. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड या पट्ट्यात एमपीएससीची पोरं, अभ्यासिका, कॉट बेसिसच्या रूम आणि मेस, आणि या सगळ्यांना आधारची झेरॉक्स लागते, त्यामुळे दर चार पावलांवर दुकान. काउंटरवरचा मॉनिटर अर्धा गिऱ्हाइकाकडे वळवलेला, त्यावर व्हॉट्सॲप वेब सकाळपासून उघडं. डाव्या बाजूला नुसत्या नंबरांची रांग, सेव्ह केलेलं नाव एकही नाही, आणि प्रत्येकाखाली पीडीएफ. 'दादा २ कॉपी ब्लॅक'. 'आधार दोन्ही साइड एका पेजवर'. दादा फाइल उघडतो, प्रिंट देतो, पुढचा नंबर. फाइल तिथेच डाउनलोड्समध्ये राहते, आणि त्या फोल्डरमध्ये आधार, पॅन, जातीचा दाखला, मार्कलिस्ट, भाडेकरार, कोणाचा तरी सोनोग्राफीचा रिपोर्ट, सगळं एकाखाली एक, तारखेवार. दुकानदार वाईट माणूस नाही, त्याला या फायली बघायला वेळसुद्धा नाही, पण संध्याकाळी पार्टटाइमला मुलगा बसतो, तो दर चार-सहा महिन्यांनी बदलतो, आणि कॉम्प्युटरचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने चिकटवलेला असतो.

व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ पासून सगळ्या मेसेजना एंड टू एंड एन्क्रिप्शन दिलंय, म्हणजे वाटेत कंपनीलासुद्धा मजकूर वाचता येत नाही. खरं आहे आणि चांगलंच आहे. पण कुलूप वाटेला आहे, टोकांना नाही, आणि इथे दुसऱ्या टोकाला तो अर्धा वळवलेला मॉनिटर आहे. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नवी पॉलिसी आणली तेव्हा काय गोंधळ झाला होता आठवतंय का, सगळे सिग्नल नावाच्या दुसऱ्या ॲपवर पळाले, आमच्या घरच्या ग्रुपवर तर एका काकांनी 'आता इथे काही लिहू नका' असं मोठ्या अक्षरात टाकलेलं. पुढे सिग्नलवर गुड मॉर्निंग बघायला कोणीच नाही म्हटल्यावर हळूहळू सगळे परत आले. ते ठीक. पण त्याच ग्रुपवर त्याच काकांनी गणपतीपुळ्याच्या बुकिंगसाठी 'सगळ्यांनी आपापल्या आधारचे फोटो इथेच टाका' असं लिहिलं आणि टाकले हो सगळ्यांनी, पोरांसकट. ज्याची बायको माहेरी निघून गेलीय आणि कोर्टात केस चालू आहे तो चुलतभाऊही त्याच ग्रुपवर आहे, आणि ग्रुपमधून बायकोला काढायचं कोणाच्या लक्षातच नाही आलं म्हणून तिचंही आधार तिथे आलं, त्यावर तिचा नवा पत्ता आहे. इथे व्हॉट्सॲपच्या मालक मेटाने काय केलं? काही नाही.

आधारची ही झेरॉक्स किती धोक्याची हे सरकारलाही एकदा सांगावंसं वाटलं होतं. २७ मे २०२२ ला आधार देणाऱ्या युआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं की आधारची फोटोकॉपी कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, त्यापेक्षा शेवटचे ४ आकडेच दिसणारं मास्क्ड आधार द्या. लोक घाबरले, बातम्या झाल्या, आणि २९ मे ला दिल्लीहून ते पत्रक मागे घेतलं गेलं, चुकीचा अर्थ काढला जाऊ शकतो म्हणे. मास्क्ड आधार आजही युआयडीएआयच्या साइटवरून फुकट डाउनलोड करता येतं. लॉजच्या रिसेप्शनवर देऊन बघा, "मॅडम यात नंबरच दिसत नाहीये" असं ऐकायला मिळतं. अहो, तेच तर! बोटांच्या ठशांचंही तसंच. पुण्यात भाडेकरार करायचा तर एजंट लॅपटॉप आणि थंब मशीन घेऊन घरी येतो, आपण चहा देतो आणि अंगठा देतो, तो कुठल्या स्क्रीनवर देतोय हे कोणीही वाकून बघत नाही. तेलंगणात २०१८ साली एका सिमकार्डवाल्याने जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे वेबसाइटवरून उतरवून त्यांचे रबरी ठसे केले आणि लोकांच्या नावावर सिमकार्डं सुरू केली, म्हणजे कागदावरचा ठसाही पुरतो. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं, मी ठेवलंय, लागेल तेव्हा तेवढ्यापुरतं उघडायचं.

आता बिलिंग काउंटर. औषधं घ्या, चपला घ्या, बाळाचं झबलं घ्या, आधी "नंबर सांगा". ज्या शहरात दुकानदाराला दोन साड्या जास्त दाखवायला सांगितल्या तर "घेणार आहात का?" असं तोंडावर विचारतात, ज्या शहरात भिंतीवर 'येथे पत्ता विचारू नये' लिहून ठेवतात, त्या शहरातलं गिऱ्हाईक दहा आकडी नंबर इतक्या मुकाट्याने कसं सांगतं हे मला कोडं आहे. मागे रांग असते म्हणून असेल. आणि तो नंबर मोठ्याने सांगायचा असतो, मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. कॉलेजातल्या मुलींना विचारा, असा नंबर सांगून घरी आल्यावर अनोळखी 'हाय' येतो तेव्हा काय वाटतं.

मी देत नाही. लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात यावरून बरीच हुज्जत झाली, कॅशियर म्हणाली सिस्टीम पुढेच जात नाही नंबरशिवाय. मी म्हटलं मग जाऊ दे, राहू दे कपडे. मागच्या बाईंनी जोरात सुस्कारा टाकला. तेव्हा कॅशियरने शांतपणे नऊचं बटण दाबून धरलं, दहा नऊ पडले, बिल निघालं. म्हणजे सिस्टीमला नंबर नकोच होता, फक्त तो चौकोन भरलेला हवा होता.

त्या चौकोनाच्या बाजूला एक लाल चांदणी असते, म्हणजे हे भरणं सक्तीचं. ती चांदणी आपोआप उगवत नाही. कोणीतरी मीटिंगमध्ये म्हणालेलं असतं की नंबर कंपल्सरी ठेवा, मार्केटिंगला लागेल, आणि कोणीतरी कोडमध्ये एक ओळ लिहिलेली असते. ते लिहिणारे परग्रहावरून नाही येत, हिंजवडी, खराडी, बाणेर, आपल्याच पार्किंगमध्ये त्यांच्या गाड्या असतात. या शहरातली लाखो माणसं सॉफ्टवेअरवर जेवतात, १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर इथल्या सीडॅकने बनवला याचा आपल्याला अजून अभिमान आहे, आणि एवढी सगळी डोकी असताना "हा रकाना कशाला हवाय?" हा प्रश्न डिझाइनच्या मीटिंगमध्ये विचारणारा एक माणूस निघू नये? मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. युजर अडाणी आहे, पासवर्ड १२३४५६ ठेवतो यावर हसायचं आणि आपण मात्र न लागणारी माहिती सक्तीने गोळा करायची. जी माहिती घेतलीच नाही ती फुटतही नाही, त्यापेक्षा स्वस्त सिक्युरिटी कुठली?

आणि हे काही माझं एकटीचं खूळ नाही. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्येच दुकानदारांच्या संघटनांना कळवलंय की नंबरसाठी गिऱ्हाइकाची अडवणूक करू नका, नंबर नाही म्हणून विक्री नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये डिजिटल डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्यात तर अगदी औषधाच्या दुकानाचंच उदाहरण दिलंय. बाईने स्वतःहून नंबर दिला आणि पैसे मिळाल्याची पावती मेसेजवर पाठवा म्हणाली, तर दुकानाने तो नंबर त्या पावतीपुरता वापरायचा. बस. दुसरं उदाहरण टेलिमेडिसिन ॲपचं, ॲपने डॉक्टरशी बोलण्यासाठीची परवानगी आणि फोनमधली सगळी कॉन्टॅक्ट लिस्ट दोन्ही मागितलं आणि बाईने दोन्हीला हो म्हटलं, तरी तिचा होकार फक्त डॉक्टरपुरता धरायचा, कारण कॉन्टॅक्ट लिस्टची तिथे गरजच नाही. मला हे दुसरं उदाहरण फार आवडतं. नुसतं हो म्हटलं म्हणजे मोकळं रान नाही, मागणाऱ्याने गरज दाखवायची. आणि त्या कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये माझा नंबर असतो, तुमचा असतो, आपल्याला कोणी कुठे विचारलेलं असतं? मेहुण्याने टॉर्चचं ॲप टाकलं आणि अलाउ दाबलं, की झालं आपलं काम.

'लपवण्यासारखं काही नाही' हे म्हणूनच मला पटत नाही. आपण देतो ती माहिती निम्मी दुसऱ्याचीच असते.

याचं सगळ्यात कुरूप रूप बघायचं असेल तर कुठल्याही मध्यम आकाराच्या सोसायटीच्या गेटवर सकाळी आठच्या सुमाराला उभं राहा. कामाला येणाऱ्या बायकांची रांग, टॅबवर प्रत्येकीने आपला कोड दाबायचा, टॅब फोटो दाखवतो, सिक्युरिटीवाला मान हलवतो, त्याच क्षणी आम्हा फ्लॅटवाल्यांच्या फोनवर टुंग वाजतं की बाई आत आल्या. इथपर्यंत ठीक म्हणू. पण आमच्या ॲपमध्ये कुठल्याही फ्लॅटवाल्याला कुठल्याही बाईचं पान उघडता येत होतं. फोटो, मोबाइल नंबर, ती कुठल्या कुठल्या फ्लॅटमध्ये काम करते, आज किती वाजता आली, किती वाजता गेली, महिन्यात खाडे किती, आणि वर स्टार, पाचपैकी साडेतीन. साडेतीन का, तर 'वेळेवर येत नाही'. ते साडेतीन तिला दिसत नाहीत, कारण तिच्याकडे ते ॲपच नाही.

मागच्या वर्षी ग्रुपवर एक स्क्रीनशॉट आला. ए विंगमधल्या बाईंना मावशींनी फोन करून सांगितलेलं की अंगात ताप आहे, आज येत नाही, आणि ॲपमध्ये तर मावशींची सकाळी साडेदहाची सी विंगची एंट्री. खाली लगेच रांग लागली, 'यांना सगळं कळतं हो', 'माझ्याकडेही हेच', 'ब्लॅकलिस्ट करायचा ऑप्शन आहे का', मग हसणाऱ्या इमोजी. महिन्याची पहिली तारीख होती. मावशी सी विंगमध्ये पगार घ्यायला आल्या होत्या, पाच मिनिटं, घर मालकीणबाईंनी पैसे दिले आणि म्हणाल्या जा झोप जा. हे मला माहीत कारण माझ्याकडेही त्याच येतात. ज्यांनी स्क्रीनशॉट टाकला त्यांनी नंतर तो डिलीट केला, सॉरी वगैरे कोणी कोणाला म्हणालं नाही, आणि मावशींनी ए विंगचं काम सोडलं. मला त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, मी कुठं जाते ते सगळ्यांना दिसतं व्हय?"

आता याच ग्रुपवर कोणी माझ्या नवऱ्याची ऑफिसातली पंचिंगची वेळ टाकली असती तर? किंवा ज्यांनी तो स्क्रीनशॉट टाकला त्या बाई रात्री किती वाजता आणि कोणाबरोबर घरी आल्या ते? ॲपमध्ये तेही असतंच की. तेव्हा मात्र 'लपवण्यासारखं काय आहे' असं कोणी म्हणत नाही, तेव्हा वकील आठवतो. लपवण्यासारखं काही नसणं ही चैन ज्याला परवडते तोच हे वाक्य म्हणतो. ज्याला नाही म्हणायची सोय नाही त्याची माहिती आधी उघडी पडते, आणि हे सगळ्या डिजिटल सोयींना लागू आहे, डिलिव्हरीच्या पोराचं लोकेशन आपण नकाशावर वळणागणिक बघतो, तो मात्र आपला दरवाजा उघडेपर्यंत आपल्याला बघू शकत नाही.

सोसायटीच्या सभेत मी हा मुद्दा काढला तेव्हा पहिलं उत्तर आलं सुरक्षेचं. घरफोड्या होतात, मान्य, पण घरफोडी करणारा टॅबवर कोड दाबून येत नाही, आणि मोबाइल नंबर अख्ख्या सोसायटीला दिसल्याने कोणाचं कुलूप मजबूत होतं ते कोणी सांगेना. दुसरं उत्तर जरा वजनदार होतं. एक आजोबा एकटे राहतात, मुलगी न्यू जर्सीत, रात्रीची नर्स आली की मुलीच्या फोनवर नोटिफिकेशन जातं आणि ती तिकडे निश्चिंत कामाला लागते. हे मी नाकारत नाही, पुण्यात अशी घरं पुष्कळ आहेत आणि त्यांच्यासाठी ही सोय खरंच मोठी आहे. पण मग ती नर्स, आजोबा आणि ती मुलगी या तिघांत ते राहू दे ना. उरलेल्या फ्लॅटना ती नर्स किती वाजता आली ते कशाला? तिसरं उत्तर नेहमीचं, गूगलला सगळं माहीतच आहे, मग आपल्या माणसांना कळलं तर काय बिघडलं. यावर माझं म्हणणं वर आलंच आहे, गूगल मावशींचं काम घालवायला आलं नव्हतं.

कायद्याचं म्हणाल तर २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर. त्यात तो फक्त फ्लॅटमालकांचा असं कुठे म्हटलेलं नाही. नव्या डेटा कायद्यात संमती मोकळेपणाने दिलेली हवी, आणि कशासाठी घेताय त्याची नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत मिळायला हवी, म्हणजे मावशींना मराठीत. 'कोड घे नाहीतर गेटबाहेर' याला मोकळी संमती म्हणत असतील तर मग बोलायलाच नको. गंमत म्हणजे हा कायदा फक्त डिजिटल माहितीला लागतो, दोरीला पेन बांधलेलं जुनं रजिस्टर त्यात येत नाही, म्हणजे सोसायटीने हौसेने ॲप घेतलं आणि स्वतःहून कायद्याच्या कक्षेत जाऊन बसली. दंड २५० कोटींपर्यंत आहे हे सांगितल्यावर सभा जरा जागी झाली, अर्थात तो कोणी आमच्या सोसायटीला लावणार नाही, आणि नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले तरी मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिने दिलेत.

या कायद्याची मी भक्त आहे असंही समजू नका. सरकारने स्वतःच्या यंत्रणांना त्यातून सूट द्यायची सोय करून ठेवलीय, आणि जाता जाता माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमातलं लोकहिताचं वाक्य उडवून टाकलं. म्हणजे मावशींच्या नंबरची काळजी घ्यायला निघालेला कायदा साहेबांच्या फायलीचीही तितकीच काळजी घेणार. पुण्यात माहिती अधिकारवाले जुने खोड आहेत, ते हे सोडणार नाहीत अशी आशा. पण दाबून धरलं की सरकारही मागे येतं, सगळ्या नव्या फोनमध्ये सरकारचं संचार साथी ॲप आधीच टाकून द्या असा आदेश काढला होता, ओरड झाली आणि डिसेंबर २०२५ च्या पहिल्याच आठवड्यात सक्ती मागे घेतली. म्हणजे "कशाला?" विचारलं की फरक पडतो.

आमच्याकडे सभेत शेवटी तीन गोष्टी ठरल्या. स्टार बंद. बाईचं पान फक्त ज्या घरी ती काम करते त्यांनाच दिसावं. आणि ज्यांनी काम सोडलं त्यांचे फोटो आणि नंबर काढून टाकायचे. स्टार बंद झाले, ते एका सेटिंगचं काम होतं. पान अजून सगळ्यांना दिसतं, ॲपवाले म्हणतात असा पर्याय पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. फोटो काढायसाठी मी स्वतः त्यांना मेल केला, तर उत्तर आलं की अशी विनंती सोसायटीच्या ॲडमिनच्या लॉगिनमधूनच यायला लागते. ॲडमिन म्हणजे आमचे चेअरमन काका, त्यांचा ओटीपी त्यांच्या भारतातल्या सिमवर येतो, ते सिम पुण्यातल्या घरी ड्रॉवरमध्ये आहे, आणि काका मुलाकडे सिएटलला, थंडी संपल्यावर येतो म्हणालेत.